मार बसला होता

सांगलीच्या त्या स्पर्धेच्या जाहिरातीवर 'आंतरराष्ट्रीय' असं ठसठशीत छापलं होतं. एवढ्या मोठ्या शब्दात बसवायला त्यांच्याकडे देश होते तीन. लढाईमुळे कोल्हापूरजवळच्या छावणीत येऊन पडलेल्या पोलिश मुली, पाचगणीच्या शाळेतल्या इंग्रज मुली आणि आपल्या इकडच्या चार-पाच पोरी. खेळ तलवारीचा, पण खऱ्या तलवारीचा नव्हे. पातळ, लवणारं पातं आणि टोकाला बोथट बोंड. त्याला फॉइल म्हणतात. अंगात जाड जाकीट, तोंडावर जाळी. टोक समोरच्याच्या धडावर टेकून पातं वाकलं की एक मार, आणि चार मार जिचे आधी होतील ती जिंकली. आमच्याकडे तेव्हा ह्या खेळाला कुत्रं विचारत नव्हतं. तरी त्या दुपारी मी जितका जीव मुठीत धरून उभा होतो तितका इटलीच्या डोंगरातही नव्हतो, कारण माझ्या भाचीचं पुढचं सगळं आयुष्य त्या दुपारवर टांगलेलं होतं.

मी पलटणीत हवालदार होतो. कसरत शिकवणारे तयार करायची जी लष्करी शाळा असते तिथं एका गोऱ्या सार्जंटानं मला फॉइल शिकवलं. लढाई संपून सुटून आलो तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. मी दोन फॉइलं आणि दोन जाळ्या आणल्या. बहिणीनं ते सामान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, ह्याच्यावर काय मासं भाजायचं व्हय?"

ही बहीण कोरेगावच्या बाजूला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, फरी-गदक्यातला मोठा माणूस. गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी आणि फरी म्हणजे हातात धरायची लहान ढाल. जत्रेत दोन गावांच्या जोड्या लागल्या की पंच म्हणून दाजींनाच बोलावणं यायचं. त्यांनी 'बसला' म्हटलं की मार बसला आणि 'न्हाई' म्हटलं की नाही. डोकी फुटायची वेळ आलेली माणसंसुद्धा त्यांच्या शब्दावर गप खाली बसत. त्यांना मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी. लोक काय म्हणतील ते म्हणोत म्हणून त्यांनी तिला सहाव्या वर्षापासून परसात गदका शिकवला होता. ह्या बाबतीत दाजींचं मला कौतुकच होतं, आणि ते मी आजही मागे घेत नाही.

त्यांच्या गदक्याला एक कायदा होता. मार बसला की मारणाऱ्यानं तिथल्या तिथं हात खाली घ्यायचा. पुन्हा मारायचं नाही आणि स्वतःला वाचवायचंही नाही. आणि आपला मार आपण सांगायचा नाही. ज्याला बसला त्यानं म्हणायचं, 'बसला'. तो नाही बोलला तर पंचानं म्हणायचं. मारणाराच ओरडला तर दाजी त्याला आखाड्यातून हाकलून देत. "आपला मार आपल्याच तोंडानं सांगायचा, तर समोर मानूस कशाला उबा करायचा?" असं त्यांचं म्हणणं. ऐकायला फार गोड वाटतं. मलाही वाटायचं.

मी भाचीला फॉइल दिलं ते गंमत म्हणून. ती सतरा वर्षांची होती, मराठी सातवीची फायनल पास झालेली, घरात कामाला वाघ आणि बोलायला मोजकी. पहिल्याच आठवड्यात माझी गंमत संपली. पलटणीत मी शेकडो रंगरूट पाहिले होते. नवा माणूस हत्यार हातात आलं की हाताकडे बघतो, थोडा मुरला की समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतो. ही पहिल्या दिवसापासून माझ्या कोपराकडे बघत होती. कोपर हलल्याशिवाय टोक हलत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिला घाई नव्हती. मी हुलकावण्या देऊन दमायचो आणि ही आपली दूध उतू जायची वाट बघितल्यासारखी उभी. मग एकदम माझ्या काखेखाली टोक. मी ओरडायचो, "अगं, कवा आलीस?" आणि ती हात खाली घेऊन गप उभी असायची, मी 'बसला' म्हणायची वाट बघत.

तो हात खाली घेणं काही सुटेना. फॉइलमध्ये मुख्य पंच 'थांबा' म्हणेपर्यंत खेळ चालू असतो. मार बसला असं आपल्याला वाटलं तरी पंचांना तो दिसलेला नसतो, आणि तेवढ्यात समोरचा आपल्याला मारून मोकळा होतो. मी समजावलं, रागावलो, हात खाली आला की मुद्दाम तिच्या छातीवर टोक रुतवलं. ती म्हणायची, "मामा, कळतंय वो. पर हातच ऐकत न्हाई." अकरा-बारा वर्षांची सवय महिन्या-दोन महिन्यांत कशी सुटणार? सोपे मार असले तर ती लक्षात ठेवून हात वर ठेवी. जिवावरचा डाव आला की हात आपोआप खाली.

सांगलीच्या स्पर्धेला पुण्याहून एक बाई येणार होत्या. मुलींच्या शाळांसाठी कसरतीच्या शिक्षिका तयार करणारा वर्ग त्या चालवत, आणि ह्या खेळात चमक असलेली एक मुलगी त्यांना हवी होती. शिकणं, राहणं, जेवण सगळं तिथंच, आणि पुढं नोकरी. मी हे सांगितलं तेव्हा भाची जात्यावर होती. तिनं जातं थांबवलं आणि विचारलं, "मला घेतील?" मी तिला इतक्या वर्षांत कशासाठी म्हणून हट्ट करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं बापापुढं केला. दाजी चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, "बाईनं नेली तर जा. मी आडवा येनार न्हाई. माझा शबूद."

आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी ह्याच गृहस्थांनी घरात सुपारी फोडली. पलूसकडचं स्थळ, बागायत जमीन, मुलगा पलटणीत नाईक. माणसं वाईट नव्हती. पोरीनं आता काठ्या फिरवू नयेत आणि लग्न माघात व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. दाजींनी त्यांनाही शब्द दिला. मला कळलं तसा मी तणतणत गेलो. विचारलं, "दाजी, एका तोंडानं दोन शबूद कसं वो दिलं?" ते हसले. "हवालदार, एवढ्या गोऱ्या पोरींत आपली कुटं निवडून येतीया? खेळू दे एकदा. हौस फिटंल, मग लगीन." मला त्यांचा इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून उठलो. भाचीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आबांनी मला आदी शबूद दिलाय, मामा. आबा शबूद मोडायचं न्हाईत." तिला तेवढी खात्री होती.

कोरेगावला गाडी धरून दाजी, भाची आणि मी असे तिघं मिरजेला उतरलो आणि तिथून सांगलीला आलो. स्पर्धा एका नाटकाच्या थिएटरात होती, रंगमंचावर लांबलचक जाजम अंथरून. इंग्रज मुली आखूड चड्ड्या घालून आलेल्या, पोलिश मुली कुणाच्या तरी दानातल्या विजारी आवळून. आमची नऊवारीचा कासोटा घालून, वर माधवनगरच्या गिरणीच्या जाड कापडाचं मीच शिवून घेतलेलं जाकीट. ती मंचावर आली तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, हसा लेको. पायांची एवढी मोकळीक त्या विजारीत नाही.

पालकांसाठी मंचाच्या डाव्या बाजूला, विंगेत खुर्च्या टाकल्या होत्या. दाजी तिथं पटका नीट करून बसले. शिकवणाऱ्यांनी आपापल्या मुलीच्या मागं उभं राहायचं होतं. पुण्याच्या बाई खाली पहिल्या रांगेत. जाजमाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पंच, समोरच्या टोकाच्या मुलीला मार बसतो का ते बघायला, आणि मध्ये मुख्य पंच, एक म्हातारे इंग्रज गृहस्थ.

माझा स्वभाव असा की स्वतःची पोर खेळत नसेल तेव्हाही नजर गप बसत नाही. मी सगळ्या मुली तोलून घेतल्या. इंग्रज मुली पाठ केल्यासारख्या खेळत होत्या. पवित्रा सुंदर, पण समोरचीनं पाठातलं न विचारता भलतंच विचारलं की गडबडायच्या. सांगलीच्याच एका शाळेतली एक मुलगी नीटनेटकी होती, चूक करत नव्हती आणि मारही करत नव्हती. खरी होती ती छावणीतली एक. हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक, केस कापलेले, आणि मागच्या पायाची टाच जाजमाला चिकटलेली. मी हाताआधी टाच बघतो. जिची टाच उचलत नाही तिचा झेप घेण्याचा जोर जागेवर असतो. ती हरायला तयार नव्हती. घरदार गमावून अर्धं जग पायाखाली घालून आलेली पोर ती, तिला आणखी काही हरायचं नव्हतं. मी तिच्या बाजूनं विचार करायला लागलो आणि मग मुद्दामच थांबलो, कारण शेवटी ह्या दोघीच समोरासमोर येणार हे मला दुसऱ्या फेरीतच कळलं होतं.

तसंच झालं. आमचीनं दोन इंग्रज मुली काढल्या. दुसरीच्या वेळी मागचे बाक हसायचे थांबले आणि टाळ्या आल्या. बाई पुढं झुकून बसल्या होत्या. दाजींचा हात मांडीवर आपोआप हलत होता, गदका धरल्यासारखा. मला वाटलं, माणूस वितळला. मला खरोखर तसं वाटलं.

शेवटची लढत तीन-तीनवर आली. ती बारीक पोर दोनदा झेपावली, आमचीनं दोनदा पातं बाजूला सारलं. मग आमची थांबली, ते तिचं नेहमीचं थांबणं. समोरचीचं कोपर हललं. आमचीनं तिच्या पात्याखालून टोक काढलं, एक पाऊल टाकलं, आणि काखेखाली, बरगडीवर, पातं धनुकलीसारखं वाकलं. मी पाहिलं. मी तिच्या मागं होतो तरी पाहिलं, कारण तो मार मला रोज बसत होता.

आणि तिनं हात खाली घेतला.

मुख्य पंच 'थांबा' म्हणाले नव्हते. पोलिश पोरीची झेप निघालेली होती, ती कशी थांबणार? तिचं टोक आमचीच्या छातीच्या मधोमध टेकलं आणि पातं साऱ्या थिएटरला दिसेल असं वाकलं. तेव्हा कुठं 'थांबा' आलं. मुख्य पंचांनी विचारलं. आमचीला बसलेला मार तिकडच्या दोघांनाही दिसला होता. आमचीनं केलेल्या माराबद्दल इकडचा एक पंच म्हणाला नाही, दुसरा म्हणाला मला दिसलं नाही. संपलं. चार-तीन. पोलिश पोरीनं जाळी काढली, हात मिळवला आणि जाजमावरून उतरताना बरगडी चोळत गेली. ते चोळणं दाजींच्या पुढ्यात झालं, दोन हातांवर.

मी फॉइलं, जाळ्या गोळा करायला लागलो. तरी आशा मोठी निर्लज्ज असते. लोक पांगल्यावर बाई स्वतः विंगेत आल्या. म्हणाल्या, "पदकाशी मला कर्तव्य नाही. मला मुलगी हवी आहे. हिचा हात मला फार आवडला. पण शेवटी ती अशी थांबली का?"

मी दाजींकडे बोट करून त्यांच्या गदक्याचा कायदा सांगितला. मार बसला म्हणून थांबली, असं सांगितलं.

"बसला असेल तर प्रश्नच नाही," बाई म्हणाल्या. "मार करून थांबणाऱ्या मुलीला पुढं कसं जायचं ते शिकवता येतं. मी आनंदानं नेईन. पण बसला नसताना थांबली असेल, तर ती भ्यायली. तीन-तीनवर भिणारी मुलगी मी शिक्षिका म्हणून कशी उभी करू? मग ती सांगलीची मुलगी घेईन. मी बसले होते तिथून काही दिसलं नाही."

"बसला. देवाशपथ बसला," मी म्हणालो.

"तुम्ही तिचे मामा, आणि शिकवणारेही तुम्हीच," त्या समजुतीनं म्हणाल्या. मग भाचीकडे वळल्या. "तू सांग. बसला का?"

भाची गप. मारणाऱ्यानं आपला मार सांगायचा नसतो. मी तिला कोपरानं ढोसलं, पुटपुटलो, "बोल की पोरी." ती बोलली नाही. तिनं फक्त बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात काळजी नव्हती, हेच मला अजून सोसत नाही. पंच उभा आहे, पंचाला दिसलंय, आता पंच सांगेल, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

बाईंनीही तिकडे पाहिलं. "तुम्ही ह्या विद्येतले जुने आहात असं हे सांगतात. समोर तुम्हीच होतात. तुम्ही म्हणाल ते मी मानते. मार बसला होता का?"

दाजींनी पटक्याचा शेमला खांद्यावरून मागं टाकला. घसा खाकरला.

"न्हाई," ते म्हणाले.

"नक्की?"

"न्हाई बसला."

बाईंनी मान हलवली, भाचीच्या पाठीवर हात ठेवून दोन बरे शब्द बोलल्या आणि गेल्या. मी बाईंच्या मागं धावलो, जिन्यात गाठून पुन्हा तेच सांगितलं, हात जोडले. हवालदार माणूस, चाळिशीला टेकलेला, आणि जिन्यात हात जोडून रडत होतो. त्या म्हणाल्या, "वडिलांनी नाही म्हटल्यावर मी काय करू, सांगा." त्यांचं तरी काय चुकलं? मुलीच्या बापाला मुलगी हरलेली हवी असेल, हे कुणाच्या डोक्यात येईल?

मिरजेच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो, मध्ये भाची. मला दाजींचं मुस्काट फोडायचं होतं आणि बहिणीचं कुंकू डोळ्यांपुढं येत होतं. दाजींनी शेंगा घेतल्या. तिच्या पदरात घातल्या. तिनं त्या खाली पडू दिल्या नाहीत, पण एकही फोडली नाही. मग ती बोलली, आणि आवाज अगदी साधा होता, भाकरी वाढू का असं विचारावं तसा.

"आबा, मी करते लगीन. तुमी पलूसवाल्यांना शबूद दिलाय, मला कळतंय. पर तुमी 'मला दिसलं न्हाई' असं म्हनायचं हुतं. 'बसला न्हाई' असं म्हनायचं न्हाई."

दाजी रुळांकडे बघत राहिले. मी त्यांचं तोंड पाहिलं. इतका वेळ मला वाटत होतं की ह्या माणसानं डाव साधला. तसं काही नव्हतं. बुडणाऱ्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा, आणि त्यांना हात द्यायची माझी तयारी नव्हती. गाडी आली. आम्ही चढलो.

लग्न माघात झालं. मी अक्षता टाकल्या. भाची नीट नांदली, नवरा तिला कधी टाकून बोलला नाही, असं बहीण प्रत्येक भेटीत सांगायची. थिएटरात काय घडलं ते आम्ही तिघांनीही बहिणीला सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की पोर थोडक्यात हरली.

चैत्रात जत्रा आली. दोन्ही गावची माणसं नेहमीसारखी नारळ घेऊन दाजींकडे आली, पंच म्हणून चला म्हणाली. दाजी उठलेच नाहीत. म्हणाले, "दुसरा बगा. मला आता दिसत न्हाई." माणसं बुचकळ्यात पडून परत गेली. बहीण घाबरून माझ्याकडे आली, डोळ्यांना पदर लावून. म्हणाली, "दादा, ह्यांनी मला कदी सांगितलंबी न्हाई रं. मिरजेच्या डागदराला डोळं दाखवून आन की." मी बरं म्हणालो.